संगणकांची उगवण चाचणी

प्रणिता शिंत्रे हिने नऊ वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद न फाडता बाहेर काढला होता. त्या दिवसापासून कंपनीचा संगणक विभाग तिच्याकडे होता. विभागात ती एकटीच होती. तिचं मूळ काम पत्रव्यवहार आणि हजेरीचं. तेही तिच्याकडेच राहिलं.

कंपनी भाजीपाल्याच्या बियाण्यांची. बंगळुराबाहेर, देवनहळ्ळीच्या अलीकडे, विमानतळाच्या रस्त्यावरून आत वळल्यावर पत्र्याचं गोदाम, शीतगृह, एक प्रयोगशाळा आणि चौदा संगणक. मालक हयवदनराव सत्तरीला आले होते. त्यांचं घराणं साडेतीनशे वर्षांपूर्वी बंगळुरात आलं, हे ते नव्या माणसाला पहिल्या भेटीत सांगत. त्यानंतर ते त्या विषयावर कधी बोलत नसत.

ऑगस्टमध्ये संगणकांची देखभाल करणाऱ्या बाहेरच्या माणसाचं पत्र आलं. चौदा यंत्रांवर विंडोजची जी आवृत्ती आहे तिला ऑक्टोबरनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार नाहीत, आणि नवी आवृत्ती घेण्याइतकी ही यंत्रं तरुण नाहीत. प्रणिताने पत्र हयवदनरावांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

"यंत्रं चालतात ना?"

"चालतात सर."

"मग ती फेकायची का?"

"फेकायला नकोत. फुकट मिळणाऱ्या सिस्टिम असतात, त्या घालता येतात. ओपन सोर्स म्हणतात. त्यांचा आतला सगळा मजकूर कुणालाही बघता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो."

हयवदनरावांनी चष्मा काढला. "म्हणजे सरळ वाण."

"काय सर?"

"संकरित बी शेतकऱ्याला दरवर्षी नवं घ्यावं लागतं. सरळ वाणाचं बी तो घरचं ठेवतो, शेजाऱ्याला देतो, पुढच्या साली पेरतो. आम्ही चाळीस वर्षं सरळ वाण विकतोय, लोक आम्हाला येडे म्हणतात. सरी, ठरलं. सरळ वाण घालू या. कुठलं चांगलं?"

प्रणिताने सांगितलं की तीनशेच्या आसपास आहेत. हयवदनरावांना यात काही विशेष वाटलं नाही. टोमॅटोचे त्याहून जास्त होते.

निवड करायला प्रणीत आला. तो मूळचा पुण्याचा, आता बंगळुरातल्या इंदिरानगरात सल्लागार म्हणून बसायचा. त्याने बेचाळीस पानांचं सादरीकरण आणलं होतं. त्यात उबंटू होतं, फेडोरा होतं, मिंट होतं, डेबियन होतं आणि आणखी पाच होती. प्रत्येकाला बारा निकषांवर गुण दिले होते. बैठकीला हयवदनराव, प्रणिता, माल रवाना करणारे नागराज आणि प्रयोगशाळेच्या अनुसूया अक्का असे चौघे बसले. अक्का अठ्ठावन्न वर्षांच्या. बावीस वर्षं त्या बियांची उगवण मोजत होत्या आणि बैठकीत सहसा बोलत नसत.

"बेसिकली," प्रणीत म्हणाला, "तुम्हाला स्टेबिलिटी हवी की लेटेस्ट फीचर्स हवेत, हा मेन डिसिजन आहे. माझं पर्सनल रेकमेंडेशन स्लाइड सत्तावीसवर आहे."

नागराजना लेबल छापणारा प्रिंटर चालला पाहिजे होता. एवढंच. ते त्यांनी कानडीत सांगितलं आणि पुढच्या प्रत्येक पानानंतर पुन्हा सांगितलं. हयवदनरावांनी सत्तावीस नंबरचं पान बराच वेळ पाहिलं.

"हे गुण कुणी दिले?"

"मी दिले. प्लस ऑनलाइन रिव्ह्यूज."

"आमच्या कामावर चालवून बघितलं?"

"तसं पायलट करता येईल, पण..."

तेव्हा अक्का बोलल्या. "पेरून बघायचं."

सगळे त्यांच्याकडे वळले.

"नवीन लॉट आला की आम्ही काय करतो? चारशे बिया मोजून घेतो, ओल्या कागदात गुंडाळतो, चौदा दिवस ठेवतो, मग मोजतो. चांगला मोड किती, वाकडा किती, मेलेलं किती. पॅकेटवर कोण काय लिहितंय ते कोण बघत नाही. तीन यंत्रं घ्या. तीन सिस्टिम घाला. चौदा दिवस सगळ्यांनी आपलं काम त्याच्यावर करायचं. झालं ते काम चांगला मोड, अडखळत झालं तर वाकडा, नाही झालं तर मेलेलं."

"आणि नावं?" प्रणिताने विचारलं.

"नावं लपवायची. नाव दिसलं की हात तिकडंच झुकतो."

प्रणीतला हे शास्त्रीय वाटलं नाही; पण अक्कांना ते बावीस वर्षं शास्त्रीय वाटत होतं आणि सरकारलाही वाटत होतं. त्याने नऊंतून तीन निवडल्या, तीन यंत्रांवर घातल्या, तिन्हींचा तोंडवळा एकसारखा केला, पाठीमागे एकच हिरवं चित्र लावलं. यंत्रांवर अ, ब, क अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. नावं बंद पाकिटात हयवदनरावांच्या कपाटात गेली. प्रयोगशाळेतली नोंद आधी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये व्हायची. तो लिहिणारा माणूस कॅनडाला गेला होता. त्याच्या जागी प्रणीतने नवा फॉर्म तयार करून दिला, तिन्ही यंत्रांवर चालणारा.

चाचणी सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी सुरू झाली.

मंगळवारी दुपारी 'अ' यंत्रावरून लेबलांचा पहिला गठ्ठा निघाला. नागराजनी एक लेबल उचललं आणि थेट हयवदनरावांकडे नेलं. हयवदनरावांनी ते वाचलं आणि प्रणिताला बोलावलं. प्रणीतही तिथेच होता.

"टोमॅटोची उगवण," हयवदनराव म्हणाले, "दोन हजार चारशे सतरा टक्के."

त्यांनी लेबल प्रणितापुढे सरकवलं.

"आम्ही जाहिरातीतसुद्धा एवढं म्हणत नाही," ते म्हणाले.

प्रणीतने फॉर्म उघडला. "सिंपल आहे. चोवीसशे सतरा हा लॉट नंबर आहे. अक्कांनी तो उगवणीच्या चौकटीत टाकलाय. मी फील्ड्सचा ऑर्डर बदलला होता, लॉजिकल केला होता. पण वर लेबल आहे की, मोठ्या अक्षरात. वाचलं की कळतं."

हयवदनरावांनी शंभराच्या वरचा आकडा फॉर्मने घेऊच नये, असं सांगितलं. ते त्या संध्याकाळी झालं. 'अ'च्या तक्त्यावर एक वाकडा मोड नोंदला गेला.

बुधवारी आणि गुरुवारी मात्र अक्कांच्या नावासमोर तिन्ही यंत्रांवर काहीच नोंद नव्हती. शुक्रवारीही नव्हती. चाचणीच्या भाषेत याला कठीण बी म्हणतात. ते मेलेलं नसतं. पाणी घेत नाही, एवढंच.

शनिवारी सकाळी प्रणिता प्रयोगशाळेत गेली. अक्का खिडकीपाशी बसल्या होत्या. ओल्या कागदाची गुंडाळी उलगडून त्यांनी उजेडासमोर धरली होती आणि अंगठा ओळीवरून सावकाश सरकत होता. ओठ हलत होते. ओळ संपली की त्यांनी वहीत आकडा लिहिला. वही नाकाला टेकेल इतकी जवळ होती.

प्रणिता दारात उभी राहिली. नऊ वर्षांत तिने अक्कांना मोजताना शेकडो वेळा पाहिलं असेल. आज ती पहिल्यांदा पाहत होती.

"अक्का, चहा आणलाय."

"ठेव की तिथं."

प्रणिताने कप टेबलावर ठेवला. अक्कांचा हात कपाच्या चार बोटं डावीकडे गेला, टेबलावर टेकला, मग उजवीकडे सरकत कपापाशी आला.

"कधीपासून?" प्रणिताने विचारलं.

अक्कांनी चहाचा घोट घेतला. काय कधीपासून, असं त्यांनी विचारलं नाही.

"गेल्या वर्षी आषाढापासून. आधी डावा, मग उजवा. सगळं दुधात बुडवल्यागत दिसतंय."

"आणि संगणक?"

"जुना मला पाठ होता. उघडलं की पहिली चौकट लॉटची. एकदा टॅब, उगवण. दोनदा टॅब, तारीख. मग एंटर. बघायची गरज नव्हती. ह्या पोरानं चौकटी हलवल्या." त्या थांबल्या. "त्याची चूक नाही. त्याला काय ठाऊक."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"मोतीबिंदू म्हणाले. पंधरा मिनिटांचं काम म्हणाले. मग घरी सांगावं लागणार, इथं सांगावं लागणार. उगवण मोजणारीला दिसत नाही म्हटल्यावर तिला कोण ठेवतंय?"

प्रणिता स्टुलावर बसली. तिला अक्कांच्या नोकरीचा विचार आधी यायला हवा होता, पण आला तो गोदामातल्या थैल्यांचा. वर्षभरात या खोलीतून गेलेल्या प्रत्येक लेबलावर अक्कांचा आकडा होता.

"अक्का, मोड तुम्ही मोजता कसे?"

"बोटानं. मूळ बोटाला लागतं. चांगलं मूळ ताठ असतं, वाकडं गुंडाळलेलं असतं, मेलेलं बी मऊ लागतं. बावीस वर्षं झाली गं. डोळ्यापेक्षा बोटाला जास्त कळतं."

"खात्री आहे?"

अक्कांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. प्रणिताला तो वेळ आवडला नाही.

"टोमॅटोची आहे," त्या म्हणाल्या. "मिरचीची मुळं बारीक असतात."

प्रणिताने सांगितलं की तिला हे हयवदनरावांना सांगावं लागेल. अक्का उठल्या, हात पुसले, पदर नीट केला.

"तू का सांगणार? मी सांगते. तू नुसती बरोबर चल. जिन्याची शेवटची पायरी मला दिसत नाही."

हयवदनरावांनी सगळं ऐकून घेतलं. अक्कांनी काही लपवलं नाही, रडल्या नाहीत आणि माफीही मागितली नाही. बोलून झाल्यावर त्या उभ्याच राहिल्या. हयवदनराव खिडकीबाहेर बघत होते. बाहेर समोरच्या शेतात कुणीतरी प्लॉट पाडून दगड रोवले होते.

"बसा अक्का," ते शेवटी म्हणाले.

त्या बसल्या.

"मला आधी राग येऊ दे. मग बोलतो."

राग आला असावा, कारण कान लाल झाले होते. मग त्यांनी फोन उचलला आणि नागराजना सांगितलं की आजपासून एकही थैली बाहेर जाणार नाही. प्रत्येक लॉटचा राखीव नमुना कंपनीला कायद्याने ठेवावाच लागतो. वर्षभरातले, अजून बाजारात असतील असे बारा लॉट निघाले. बाराही नमुने पुन्हा लावायचे. मोजायला शहरातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेतून माणूस आणायचा. निकाल येईपर्यंत अक्का रजेवर.

"आणि डोळ्यांचं?" हयवदनरावांनी विचारलं.

"बघते."

"बघते नाही. तारीख घेऊन या. तारीख नसेल तर या खोलीत येऊ नका."

अक्का रजेवर गेल्या नाहीत. सोमवारी सकाळी त्या नेहमीच्या बसने आल्या आणि प्रयोगशाळेत न जाता प्रणिताच्या टेबलासमोर बसल्या. "चौदा दिवस घरी बसून काय करू?" त्या म्हणाल्या. "तुझी चाचणी अर्धी राहिली आहे. मला ते यंत्र दाखव."

प्रणिताने तिन्ही यंत्रांवर अक्षरं मोठी केली, इतकी की पडद्यावर चार ओळीच मावत. काळ्यावर पिवळी अक्षरं ठेवली. अक्का मागे सरकल्या, पुढे सरकल्या, मान वाकडी केली.

"लॉट क्रमांक," त्यांनी वाचलं. मग खालची ओळ वाचली. मग आणखी खालची. "हे आधीच्या यंत्रावर होत होतं काय?"

"होत होतं अक्का. कुणी सांगितलंच नाही मला."

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

त्या रोज तिन्ही यंत्रांवर तीच वीस कामं करायच्या. जुन्या वहीतल्या नोंदी घालायच्या, काढायच्या, लेबल छापायचं, रद्द करायचं. प्रणिता बाजूला बसून खुणा करायची. दुसऱ्या आठवड्यात बुधवारी 'अ' सकाळी सुरू झालं तेव्हा खालची पट्टी बाजूला गेली होती. प्रणीतने फोनवर सांगितलं की ते रात्रीतून स्वतःला नवं करून घेतं आणि ही सोय आहे. अक्कांचं बोट पट्टी होती त्या जागी गेलं आणि तिथं काही नव्हतं. शुक्रवारी ते पुन्हा नवं झालं. 'क'वर अक्षरं सुंदर दिसत, पण लेबल आडवं छापलं जायचं. नागराजनी तो तक्ता स्वतःच्या हाताने भरला: मेलेलं, मेलेलं, मेलेलं. 'ब'वर काही घडलं नाही. सोमवारी जे जिथं होतं ते शनिवारी तिथंच होतं. नवीन काही दिलं नाही, जुनं काही हलवलं नाही.

"हे कंटाळवाणं आहे," प्रणीत म्हणाला. तो तक्ता बघायला आला होता.

"हो," अक्का म्हणाल्या. "फार बरं आहे."

शेवटी मोजणी झाली. 'अ'चे चांगले मोड एकाहत्तर टक्के, 'क'चे चौसष्ट, 'ब'चे शहाण्णव. हयवदनरावांनी पाकीट फोडलं. 'ब' म्हणजे डेबियन. प्रणीतच्या बेचाळीस पानांत ते सातव्या नंबरावर होतं. त्याने आपलं सादरीकरण उघडून पाहिलं, खात्री केली आणि बंद केलं. मग तो म्हणाला, "फेअर इनफ. पण कारण काय लिहायचं? रिपोर्टमध्ये कारण लागतं."

"लिहा," हयवदनराव म्हणाले, "वापरणाऱ्याने डोळे मिटले तरी चालतं."

प्रणीतने लिहिलं, 'उच्च दर्जाची वापरसुलभता'.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात राखीव नमुन्यांचे निकाल आले. बारांपैकी अकरा लॉट अक्कांच्या आकड्यांशी जुळले, दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने. बारावा मिरचीचा. अक्कांनी चौसष्ट लिहिले होते, बाहेरच्या माणसाने सत्तावन्न मोजले. कायद्याने मिरचीला साठ लागतात.

"चार महिने झाले त्याला," हयवदनराव म्हणाले. "बी ठेवल्यावर उतरतंच. मोजलं तेव्हा चौसष्ट असेलही."

"असेल," अक्का म्हणाल्या. "नसेलही. मला सांगता येत नाही. परत मागवा."

हयवदनरावांनी लॉट परत मागवला. दुकानदारांना पत्रं प्रणिताने लिहिली, कानडीत आणि मराठीत, आणि कारण स्पष्ट लिहिलं. त्याच आठवड्यात चौदा यंत्रांवर नवी सिस्टिम बसली. नागराजना सोमवारी सकाळी ते कळलं नाही. लेबल उभं छापलं गेलं, म्हणून त्यांनी काही विचारलंही नाही. थैल्या जवळजवळ सगळ्या परत आल्या. चिक्कबळ्ळापूरकडच्या एका रोपवाटिकेतली एक तेवढी आली नाही. ती पेरून झाली होती.

अक्कांच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ऑक्टोबरच्या मध्यावर झाली. खरोखरच पंधरा मिनिटांचं काम होतं. घरी त्यांनी आदल्या दिवशी सांगितलं; सून दोन दिवस बोलली नाही, नंतर स्वतःच डोळ्यांत थेंब घालू लागली. दुसरा डोळा डिसेंबरात करायचं ठरलं. प्रयोगशाळेत पवित्रा नावाच्या मुलीची नेमणूक झाली, आणि प्रत्येक लॉट दोघींनी वेगवेगळा मोजायचा, एकमेकींना आकडा न दाखवता, असा नियम हयवदनरावांनी केला. अक्कांनी तो नियम भिंतीवर लावायला लावला.

महिनाअखेर एके दिवशी त्या प्रणिताला म्हणाल्या, "मला त्या रोपवाटिकेत जायचंय. तू येतेस?"

दोघी बसने गेल्या. रोपवाटिका चालवणाऱ्या बाई कस्तुराबाई. त्यांना पत्र मिळालं होतं, पण ते भांडायला येण्याचं कारण आहे असं त्यांना वाटलं नव्हतं. "रोपं आली की," त्या म्हणाल्या. "मध्ये मध्ये रिकामं राहिलंय स्वल्प. ते राहतंच."

हिरव्या जाळीखाली काळे ट्रे ओळीने मांडले होते. एका ट्रेला अठ्ठ्याण्णव खळगे. अक्का खाली बसल्या. त्यांनी काळा चष्मा कपाळावर चढवला आणि मोजायला सुरुवात केली. बोट लावलं नाही. फक्त बघत होत्या. चार ट्रे मोजायला पाऊण तास लागला. कस्तुराबाईंनी मध्ये दोनदा चहाचं विचारलं, अक्कांनी दोन्ही वेळा हात वर करून थांबवलं.

"तीनशे ब्याण्णवात दोनशे एकतीस," शेवटी त्या म्हणाल्या. "साठच्या आतच."

"इथं मातीत आहेत अक्का," प्रणिता म्हणाली. "माती, पाणी, उंदीर. प्रयोगशाळेतला आकडा वेगळा असतो."

"ठाऊक आहे. मीच शिकवते ते." अक्का गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि कस्तुराबाईंकडे वळल्या. "बाई, मोजलं होतं ते मी. माझ्याकडून चुकलं असणार. तेव्हा मला दिसत नव्हतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही."

कस्तुराबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग ट्रेकडे. "आता दिसतंय ना?"

"एका डोळ्यानं."

"मग बसा, चहा घ्या."

अक्कांनी नव्या लॉटची थैली त्यांच्या हातात दिली. पवित्राने आणि त्यांनी दोघींनी मोजलेली होती. चहा झाला. परत जाताना कस्तुराबाईंनी प्रणिताच्या हातात कढीपत्त्याची एक जुडी दिली. अक्कांना एक वेगळी दिली.

बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. देवनहळ्ळी येईपर्यंत त्यांनी तोंड आत वळवलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नव्या लेआउटचे फलक, सिमेंटचे खांब, खडीचे ढीग, आणि खडीच्या पलीकडे मधूनच एखादं द्राक्षाचं शेत.

"कसं दिसतंय अक्का?" प्रणिताने विचारलं.

अक्कांनी थोडा विचार केला.

"धूळ फार आहे गं," त्या म्हणाल्या. "एवढी असेल असं वाटलं नव्हतं."